माय आनीन्या

काजू आणि अननस ही फळे आज कोकणात व गोव्यात घरोघरी परिचित आहेत. परंतु ती मूळची आपल्याकडील नव्हेत. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती ब्राझील देशाहून इकडे आली. त्याच पोर्तुगीजांनी समुद्रावरून आणखी एक ने-आण केली, आणि ती मात्र फार क्रूर होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्यांनी माणसे जहाजांत कोंबून नेली व ब्राझीलमधील उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून विकली. सुमारे तीनशे वर्षांच्या काळात ४८ लाखांच्या आसपास आफ्रिकी माणसे अशा रीतीने ब्राझीलच्या भूमीवर उतरविली गेली. जगातील दुसऱ्या कोणत्याही देशात इतके गुलाम नेले गेले नाहीत.

या माणसांची घरे गेली, माणसे गेली, नावेसुद्धा गेली. कारण बाप्तिस्मा देऊन त्यांना नवी ख्रिस्ती नावे देण्यात येत. एक गोष्ट मात्र मालकांना हिरावून घेता आली नाही. देवांची नावे, त्यांची गाणी, कोणत्या देवाला कोणता नैवेद्य आवडतो आणि कोणत्या रोगावर कोणते पान चालते, हे सारे त्यांच्या स्मरणात होते. ही ठेव त्यांनी मुलांच्या हाती दिली आणि मुलांनी ती नातवंडांच्या हाती दिली. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरील साल्वादोर या नगरात ही ठेव विशेष जपली गेली. बाईया प्रांताचे हे नगर १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होते. याच नगरात १३ जुलै १८६९ रोजी युजेनिया आना दोस सांतोस या मुलीचा जन्म झाला. तिचे आईवडील आफ्रिकेतील ग्रुन्सी जमातीचे होते. या जमातीचा मूळ मुलूख आजच्या घाना आणि बुर्किना फासो या देशांत येतो.

आना या नावाचे लाडके रूप आनीन्या. पोर्तुगीज भाषेत आईला मांय म्हणतात. आपल्या माय या शब्दाशी त्याचे साम्य पाहून कौतुक वाटते. पुढे ही मुलगी हजारो लोकांची मांय आनीन्या झाली. तेव्हा आपणही तिला माय आनीन्याच म्हणू या.

आनीन्या अठरा वर्षांची असताना, १३ मे १८८८ रोजी, ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पण बेड्या तुटल्या म्हणून मान मिळाला, असे झाले नाही. मुक्त झालेल्या माणसांना जमीन मिळाली नाही, त्यांच्या मुलांसाठी शाळाही निघाल्या नाहीत. पुढल्याच वर्षी राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले. १८९१ च्या राज्यघटनेने सर्व धर्मांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले; परंतु ज्याला लिहितावाचता येत नाही त्याला मत नाही, असेही त्याच घटनेत होते. शिवाय १८९० च्या दंडसंहितेत जादूटोणा व झाडपाल्याचे उपचार हे गुन्हे ठरविले होते. कायद्यातील हेच शब्द आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या पूजेवर लावणे पोलिसांना फार सोयीचे झाले. उपासनेचे स्वातंत्र्य कागदावर राहिले आणि ढोल वाजू लागताच शिपाई दारात येऊ लागले.

ही पूजा होती तरी कशी? तिला कांदोम्ब्ले म्हणतात. ती करणाऱ्यांचा विश्वास असा, की ओलोरून हा परमेश्वर सर्वांच्या वर आहे आणि त्याची शक्ती सृष्टीत निरनिराळ्या रूपांनी वावरते. या रूपांना ओरिशा म्हणतात. गोड्या पाण्याची ओशून, समुद्राची येमांजा, लोखंडाचा ओगून, अरण्याचा व शिकारीचा ओशोसी, मेघगर्जनेचा आणि न्यायाचा शांगो, असे पुष्कळ ओरिशा आहेत. शांगोच्या हाती दुधारी परशू असतो. वज्र धारण करणाऱ्या आपल्या इंद्राची त्यावरून सहज आठवण व्हावी. प्रत्येक माणसाच्या मस्तकाचा स्वामी एक ओरिशा असतो, अशी या लोकांची श्रद्धा आहे. झाडात, पाण्यात, दगडात, माणसात जी प्राणशक्ती असते तिला ते आशे म्हणतात. म्हणून पान तोडायचे तर अनुज्ञा घेऊन तोडावे आणि झऱ्याचे पाणी घाण करू नये, असा त्यांचा दंडक.

या धर्माला ग्रंथ नाही. वडीलधारी माणसे हाच त्यांचा ग्रंथ. दीक्षा ज्याने आधी घेतली तो वडील, जमिनीला टेकून त्याला नमस्कार करायचा, हा मंदिरातला नियम. आपल्या साष्टांग नमस्काराशी मिळतीजुळती अशी ही रीत आहे. तेथे वयाचा, धनाचा किंवा वर्णाचा प्रश्न येत नाही. धुणी धुणाऱ्या वृद्धेने आधी दीक्षा घेतली असेल, तर नव्याने दीक्षा घेतलेल्या धनिकालाही तिच्यापुढे वाकावे लागते. ज्या नगरात बाहेर सारी उतरंड कातडीच्या रंगावर रचलेली होती, तेथे या अंगणात आल्यावर दुसराच क्रम सुरू होई.

बाहेरचे शिकलेले लोक मात्र या सर्वांस अज्ञान आणि भुताटकी म्हणत. साल्वादोरला वैद्यकाचे मोठे विद्यालय होते. तेथील नीना रॉड्रिग्स हे नामांकित प्राध्यापक कांदोम्ब्लेचा अभ्यास करीत. त्यांनी माहिती पुष्कळ गोळा केली. परंतु कृष्णवर्णीय माणसाची बुद्धी मुळातच कमी, आणि उच्च धर्मविचार त्याला पेलत नाही, असा सिद्धांत त्यांनी मांडला. गंमत अशी की, पोलिसांच्या धाडींना मात्र त्यांनी विरोध केला. माणूस अभ्यासू असतो, प्रामाणिकही असतो, आणि तरी आपल्या काळाच्या चष्म्यातूनच पाहतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आनीन्याची दीक्षा साल्वादोरमधील कासा ब्रांका या जुन्या मंदिरात झाली. ग्रुन्सी आईबापांच्या या मुलीने आफ्रिकेतील योरुबा लोकांची पूजापद्धती स्वीकारली. तिच्या मस्तकाचा ओरिशा शांगो ठरला आणि तिला ओबा बियी हे नवे नाव मिळाले. काही काळ ती रिओ दि जानेरो येथे राहिली. व्यापारातही तिने चांगला जम बसविला. त्या काळी नायजेरियातील लागोस बंदर आणि साल्वादोर यांच्यामध्ये जहाजे ये-जा करीत. कोलाची फळे, कवड्या, काळा साबण, आफ्रिकी हातमागाची वस्त्रे असा माल त्यांतून येई. पूजेला या वस्तू लागत, त्यामुळे गिऱ्हाईक कमी नव्हते.

पुढे कासा ब्रांकामध्ये मुख्यपदावरून मतभेद झाले. आनीन्या आपल्या सोबत्यांसह तेथून बाहेर पडली आणि १९१० साली शहराबाहेर सांव गोन्सालो या टेकडीवरील रानवट जागेत तिने नवे मंदिर स्थापिले. त्याचे नाव इले आशे ओपो आफोंजा. आफोंजा हे शांगोचेच एक रूप आहे. ही जागा तेव्हा वस्तीपासून दूर होती. मोठाले वृक्ष होते, औषधी झुडपे होती. एकेका ओरिशासाठी लहान लहान घरे उठली, मध्ये नृत्याचे दालन झाले, आणि माय आनीन्या या घराची मुख्य झाली. आता तिला एकेरी संबोधणे बरे नव्हे.

माय आनीन्या शिस्तीच्या मोठ्या कडक होत्या. गाण्यातला शब्द चुकला किंवा नैवेद्याचा पदार्थ नेमल्याप्रमाणे शिजला नाही, तर ते त्यांना खपत नसे. भेंडी आणि पामचे तेल घालून शांगोसाठी आमाला नावाचा पदार्थ करतात. तो कसा करावा याचेही नियम त्यांना मुखोद्गत होते. आफ्रिकेतील मूळ आचार कसा होता, याची त्या सतत चौकशी करीत. या कामी त्यांना मार्तिनियानो दो बोनफिम या विद्वानाचे मोठे साहाय्य झाले. मार्तिनियानोंच्या वडिलांनी त्यांना लहानपणी लागोसला शिकण्यास पाठविले होते. योरुबा आणि इंग्रजी या दोन्ही भाषा त्यांना उत्तम येत. साल्वादोरमध्ये ते इंग्रजी शिकवीत. या दोघांनी मिळून शांगोचे बारा मंत्री नेमण्याची प्रथा आपल्या मंदिरात सुरू केली. सहा उजवीकडचे, सहा डावीकडचे. समाजातील वजनदार माणसांना हा मान दिला की त्यांचा मंदिराला आधार होई, हेही माय जाणून होत्या.

असा आधार आवश्यकच होता. १९२० नंतरच्या वर्षांत साल्वादोरमध्ये पोलिसांच्या धाडींना ऊत आला. ढोल फोडले जात, पूजेची पात्रे उचलून नेली जात, पूजा करणाऱ्यांना पकडून नेत. जप्त केलेल्या देवांच्या वस्तू पुढे एका संग्रहालयात ठेवण्यात आल्या. पण तेथे त्यांचे शेजारी कोण? गुन्हेगारांची हत्यारे! अनेक वर्षे शाळकरी मुले ते संग्रहालय पाहावयास जात. ज्या मुलाच्या घरी तो परशू देवघरात होता, त्याच्या मनाला हे पाहून काय वाटले असेल?

शाळेतही त्याची सुटका नव्हती. १९३१ साली सरकारने सार्वजनिक शाळांत धर्मशिक्षण देण्यास परवानगी दिली. व्यवहारात ते कॅथलिक पंथाचेच शिक्षण असे. त्या तासाला आजीच्या देवाचे नाव आले तर ते सैतान म्हणून येई. मुलापुढे मग दोनच वाटा उरत. शिकायचे तर घरच्या देवाची लाज धरायची. देवाशी इमान राखायचे तर शाळेकडे पाठ फिरवायची. पुष्कळ मुले पहिली वाट धरीत, आणि शिकून मोठी झाल्यावर त्या टेकडीकडे फिरकत नसत. त्याहून अधिक मुलांना शाळा लाभतच नसे.

माय आनीन्यांना या दोन्ही वाटा मान्य नव्हत्या. ब्राझीलमध्ये पदवी मिळाली की बोटात खड्याची अंगठी घालण्याची चाल आहे. डॉक्टरच्या अंगठीत हिरवा पाचू, वकिलाच्या अंगठीत तांबडे माणिक. आपल्या घरची सारी मुले अशा अंगठ्या घालून शांगोच्या पायाशी यावीत, अशी इच्छा माय बोलून दाखवीत. ऐकणाऱ्यांना ते नवल वाटे. त्या काळी मंदिरात येणारी बहुतेक माणसे धुणेभांडी करणारी, बंदरात ओझी वाहणारी, टोपल्यांतून खाद्यपदार्थ विकणारी होती. त्यांच्या मुलांच्या बोटांत पाचू आणि माणिक कोठून येणार? आणि आले, तरी ती मुले परत कशाला येणार? पण मायंची मागणी नेमकी हीच होती, की अंगठी मिळावी आणि परतही यावे. एका हाताने पुस्तक घेताना दुसऱ्या हातातील वारसा टाकून द्यावा लागू नये.

यात दुसऱ्या धर्माचा द्वेष नव्हता. माय आनीन्या स्वतः ख्रिस्ती देवळात जात. कृष्णवर्णीय गुलामांनी व मुक्तांनी पूर्वी आपल्या कष्टाने बांधलेले रोझारी मातेचे देऊळ साल्वादोरमध्ये आहे. तेथील बंधुमंडळाच्या त्या सदस्य होत्या. गुलामगिरीच्या काळात लोक आपले देव ख्रिस्ती संतांच्या आड लपवीत, म्हणून शांगोला संत जेरोमचे नाव मिळाले होते. मायंना दोन्हीकडचे ठाऊक होते, आणि दोन्हींचा मान त्या राखीत. आपला देवही उजेडात, आपल्या नावाने पूजिला जावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१९३७ च्या जानेवारीत तशी एक संधी आली. एडिसन कार्नेइरो या तरुण लेखकाने साल्वादोरमध्ये आफ्रो-ब्राझिलियन परिषद भरविली. विद्वानांच्या सभेत आजवर कांदोम्ब्लेविषयी पुष्कळ बोलले गेले होते, पण कांदोम्ब्ले पाळणारे लोक त्या सभेत क्वचितच असत. या परिषदेत ते आले. मार्तिनियानोंनी बारा मंत्र्यांची हकिगत सादर केली. माय आनीन्यांनी आफ्रिकी खाद्यपदार्थांवर टिपण दिले, आणि ते पुढे परिषदेच्या ग्रंथात त्यांच्या नावाने छापले गेले. पाहुण्यांसाठी त्यांनी आपल्या मंदिरात उत्सवही केला. ज्या ढोलांसाठी शिपाई येत, तेच ढोल त्या दिवशी प्राध्यापकांनी बसून ऐकले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात देशाचे अध्यक्ष जेतुलियो वार्गास यांनी सारी सत्ता आपल्या हाती घेतली आणि विरोधकांची धरपकड सुरू झाली. एडिसन कार्नेइरो यांच्या मागेही पोलीस लागले. त्यांनी आसरा कोठे घ्यावा? ते टेकडीवर माय आनीन्यांकडे आले. मायंचे वय तेव्हा ६८ होते आणि प्रकृती खालावलेली होती. पोलीस आले तर काय होते, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. तरीही त्यांनी या तरुणाला मंदिरात लपवून ठेविले व त्याची काळजी घेण्याचे काम आपली शिष्या सेन्योरा हिच्याकडे दिले.

यानंतर थोड्याच दिवसांनी, ३ जानेवारी १९३८ रोजी, माय आनीन्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला एवढा जनसमुदाय लोटला, की साल्वादोरला ते दृश्य पुष्कळ काळ आठवत राहिले. रोझारी मातेच्या देवळातील प्रार्थना आणि योरुबा भाषेतील शोकगीते या दोहोंनी त्यांना निरोप दिला.

मायंची इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. ती पुरी होण्यास किती काळ लागला, ते पाहण्यासारखे आहे. १९४६ च्या राज्यघटनेत उपासनेच्या स्वातंत्र्याचे कलम घालण्यासाठी कादंबरीकार जॉर्ज आमादो यांनी खटपट केली. पुढे तेच शांगोच्या बारा मंत्र्यांपैकी एक झाले. तरीही बाईयामध्ये पूजेसाठी पोलिसांचा परवाना लागतच होता. तो १९७६ साली रद्द झाला. निरक्षरांना मताचा हक्क १९८५ मध्ये मिळाला. २००० साली सरकारने मायंचे मंदिर राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षित केले.

सेन्योरा या मंदिराच्या पुढे मुख्य झाल्या. त्यांचा मुलगा दिदी मायंच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झाला होता. मंदिरात ऐकलेल्या गोष्टी त्याने लिहून काढल्या आणि त्यांची पुस्तके झाली. १९२५ साली जन्मलेल्या स्टेला या सेन्योरांच्या शिष्येने परिचारिकेचे शिक्षण घेतले, सरकारी आरोग्यसेवेत नोकरी केली, आणि १९७६ मध्ये ती मंदिराची मुख्य झाली. तिने पुस्तके लिहिली. २०१३ साली बाईयाच्या साहित्य अकादमीने तिला आपली सदस्य निवडले. आफ्रिकी देवांना आता संतांच्या आड लपण्याचे कारण उरलेले नाही, असे तिने १९८३ मध्येच इतर मंदिरांच्या प्रमुखांसह जाहीर केले होते. शिकलेली मुलगी परत आली होती.

शाळाही झाली. दिदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात मंदिराच्या आवारातच मुलांसाठी एक केंद्र काढले आणि मायंच्या दीक्षेच्या नावावरून त्याला ओबा बियी हे नाव दिले. त्यातूनच पुढे नगरपालिकेची शाळा उभी राहिली. तिचे नाव युजेनिया आना दोस सांतोस शाळा. येथे सरकारी अभ्यासक्रमातील सर्व विषय शिकविले जात. पण ते शिकविताना ओशून आणि शांगो यांच्या कथांचाही आधार घेतला जाई. शिक्षणाच्या या पद्धतीला योरुबा भाषेत इरे आयो, म्हणजे आनंदाची वाट, असे नाव देण्यात आले. परिसरातील निरनिराळ्या धर्मांची मुले या शाळेत येत. कोणाला दीक्षा देण्याचा तेथे हेतू नव्हता. शेजाऱ्याच्या घरी काय पूजिले जाते आणि का पूजिले जाते, हे कळले की त्याला सैतान म्हणणारी जीभ अडखळते, असा तेथील शिक्षकांचा अनुभव.

हा विचार देशाच्या कायद्यातही आला. शाळेतील धर्मशिक्षणातून कोणत्याही पंथाचा प्रचार करू नये व देशातील सर्व श्रद्धांचा मान राखावा, असे १९९७ च्या कायद्याने ठरले. ९ जानेवारी २००३ च्या कायद्याने आफ्रिकी वंशाच्या ब्राझिलियनांचा इतिहास व संस्कृती यांचे शिक्षण देशातील सर्व शाळांत आवश्यक केले. कायदा झाला म्हणून सर्वत्र अंमल झाला, असे समजू नये. त्यानंतरही मंदिरांवर हल्ले झाले, गळ्यातील पूजेच्या माळांवरून मुलांना वर्गात हिणविले गेले, आणि काही पालकांनी आफ्रिकी कथांची पुस्तके वर्गात नकोत म्हणून तक्रारीही केल्या. २००७ मध्ये सरकारला २१ जानेवारी हा दिवस धार्मिक असहिष्णुतेच्या विरोधाचा राष्ट्रीय दिवस म्हणून ठरवावा लागला.

मायंनी मंदिरासाठी जागा निवडली तेव्हा त्या टेकडीभोवती रान होते. पुढे साल्वादोर शहर वाढत वाढत आले आणि त्याने टेकडीला चहूकडून वेढले. आवाराच्या आत मात्र जुनी झाडे राहिली. त्या झाडांखालच्या शाळेत पाटी-पुस्तक घेऊन येणाऱ्या मुलांना वर्गापासून शांगोच्या घराकडे जाण्यास काही पावलांचेच अंतर उरले होते.